इंग्लंडातल्या प्यूझीच्या खोऱ्यातल्या शेतकरीदादांना

दादा, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तुम्ही मिरवणाऱ्यांतले वाटला नाहीत. पत्र मराठीत आहे, कारण ते नानांनी सांगितलेलं काम आहे आणि त्यांच्या मते आमच्या निफाडकडच्या लोकांनीही ते वाचायला हवं. तुमच्यापुरता अर्थ फोनवरचं भाषांतराचं ॲप लावून देईल. थोडा चुकीचा लावेल, चालवून घ्या.

ऑगस्टातली दुपार होती. ऑल्टन बार्न्स गावाच्या वरच्या टेकडीवर 1812 साली तिथल्या खडूच्या जमिनीत कोरलेला तो पांढरा घोडा बघून आम्ही बापलेक कालव्याकडे उतरत होतो. नानांना घोड्याचं फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते उभ्या गव्हातून आरपार गेलेल्या पायवाटेचं. शेतातून जाणारी अशी वाट पेरणीनंतरही निदान एक मीटर रुंद मोकळी ठेवावीच लागते, तसा इथे 1990 चा कायदा आहे, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले, "आणि लोक ती ठेवतात?" आमच्याकडे शेतरस्त्याचे वाद तहसीलदाराकडे जातात आणि नातवंडांपर्यंत चालतात, त्यामुळे त्यांचा प्रश्न भाबडा नव्हता.

तेवढ्यात तुमचं हार्वेस्टर धुरळा उडवत समोर आलं. आम्हाला बघून तुम्ही ते थांबवलंत, इथवर रीत झाली. पण नाना वाटेवरच उभे राहून त्या लांबलचक पात्याकडे बघत बसले. तुम्ही हॉर्न वाजवला नाहीत, इंजिन बंद करून खाली उतरलात. दुसऱ्या दिवशी पाऊस सांगितला होता आणि वरचं रान अजून उभं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. सुगीत शेतकऱ्याची दहा मिनिटं म्हणजे काय, हे नानांना मी समजावून सांगायची गरज नाही. म्हणूनच हे आभार ते विसरू देत नाहीत.

तुम्ही एक ओंबी तोडून तळहातावर चोळलीत, फुंकर मारून तूस उडवलंत आणि दाणे त्यांच्यापुढे धरलेत. नानांनी दोन उचलून दाढेखाली फोडले. "अजून एक ऊन हवंय," ते म्हणाले. तुम्ही हसून ओलावा मोजायचं यंत्र काढलंत, तर आकडा पंधरा टक्क्यांच्या जरा वर. त्यानंतर मी नुसती दुभाषी उरले.

नानांचा पहिला प्रश्न जमिनीचा. आमची गोदाकाठची काळी. तुमची पांढरट, खडूची, पावलागणिक गारगोटी. हिच्यात हेक्टरी आठ टन? त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला: एकरी बत्तीस क्विंटल! आमच्याकडे पाणी देऊनही पंधरा झाले तर लोक बघायला येतील. तुम्ही समजावलंत की हा गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात, तो जवळजवळ दहा महिने रानात असतो, आणि दाणा भरायच्या वेळी हवा थंड नि दिवस मोठा असतो. आमचा लोकवन नोव्हेंबरात पडतो आणि मार्चचं ऊन त्याला चार महिन्यांत पिकवून मोकळं करतं. नानांना ते पटलं. म्हणजे आपण कमी पडत नाही, आपलं ऊन जास्त पडतं!

एक गोष्ट मात्र त्यांना पचली नाही. हा गहू जनावरांच्या खाद्याला जाणार, असं तुम्ही म्हणालात तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, मी नीट ऐकलं ना. पावाच्या गव्हात प्रथिनं जास्त लागतात, तिथे उतारा थोडा सोडावा लागतो, असा तुमचा रोकडा हिशेब. बरोबरच असणार. नाना गप्प राहिले, पण हातातले उरलेले दाणे त्यांनी खाली टाकले नाहीत, खिशात घातले.

आणि मग तुम्ही त्यांना शेजारच्या सीटवर बसवून एक फेरा मारून आणलंत. पंजाबातून येणारी हार्वेस्टरं त्यांनी बांधावरून खूप पाहिलीत, भाडंही मोजलंय. आत बसायला कुणी बोलावलं नव्हतं. मी बांधाशी उभी होते. ट्रॉली बरोबरीने धावतेय, चालत्या मशिनमधून तिच्यात गहू कोसळतोय, मागे काडाची ओळ पडतेय, आणि काचेआड टोपी घातलेले नाना हातवारे करून तुम्हाला काहीतरी मराठीत सांगताहेत. काय सांगत होते, ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "शेतीचं बोलत होतो."

इंग्लंडात त्यांना मी संग्रहालयं दाखवली, राजवाडा दाखवला. सगळीकडे ते पाहुणे होते. तुमच्या रानात मात्र त्यांना कुणीतरी शेतीतला जाणकार म्हणून प्रश्न विचारले: तुमच्याकडे तांबेरा पडतो का, खताचा भाव काय, मुलं शेती करणार का. शेवटच्या प्रश्नावर तुम्ही दोघांनीही माझ्याकडे पाहिलंत, ते मी लक्षात ठेवलंय.

नाना आता घरी परतलेत. दर रविवारी फोनवर एकच चौकशी असते: पावसाआधी त्यांचं वरचं रान निघालं का? मला सांगता येत नाही. जमलं तर एक ओळ कळवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
नानांची लेक