भुष्याला पत्र: सिटी ठेवायची की काढून टाकायची

सावदा, ता. रावेर
१६ फेब्रुवारी २०२६

प्रिय भुष्या,

फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि आपल्या होंडा सिटीचं हे प्रकरण लांबलचक आहे. घरात बोलायची सोय नाही. सुजाताचं मत ठरलंय, आणि आप्पांचं तर गाडी अंगणात आली त्याच दिवशी ठरलं होतं. यातलं नेमकं काय ते तुलाच कळेल, म्हणून बस आणि नीट वाच.

तब्येती सगळ्यांच्या ठीक. आप्पांची साखर वरखाली, जिजीचे गुडघे तसेच. झालं.

परवा सईने सिटी चालवली. धुळ्याला मामांकडे साखरपुडा होता. बाकीची मंडळी पाहुण्यांच्या गाडीत, मी आणि सई आपल्या गाडीत. पारोळ्यापर्यंत मी चालवली, पुढे रस्ता मोकळा दिसला तशी तिच्या हातात दिली. हात चांगला आहे पोरीचा. तुझ्यासारखी क्लचवर पाय ठेवून बसत नाही. थोडं पुढे गेल्यावर मी म्हटलं, दुसऱ्यातच ठेव आणि पाय उचलू नकोस. म्हणाली, बाबा, इंजिन ओरडतंय. म्हटलं, ओरडू दे. फेऱ्यांचा काटा पाच हजारांकडे सरकला आणि तो आवाज बदलला. कोणता ते तुला सांगायला नको. 'आई शप्पथ' म्हणाली, तिसरा टाकला आणि हसायला लागली. थांबेचना. लळिंगच्या घाटात तू अस्सा हसला होतास भो, आणि वश्या मागच्या सीटवर डोळे मिटून मारुतीस्तोत्र म्हणत होता.

मग तिला हे होतं कसं ते हवं होतं. साखरपुड्याच्या पंगतीत बसून मी तिला समजावलं. कॅमशाफ्टवर उंचवटे दोन तऱ्हेचे, एक बुटका, एक उंच. सावकाश चालताना बुटक्यावर भागतं, पेट्रोलही कमी लागतं. फेरे वाढले की ऑइलच्या दाबाने एक बारीकशी पिन सरकते, रॉकर एकमेकांना जखडले जातात, आणि मग उंच उंचवटा व्हॉल्व्हला जास्त खोल आणि जास्त वेळ उघडा ठेवतो. म्हणून दीड लिटरमधून १०६ अश्वशक्ती, तीही ६,८०० फेऱ्यांवर. आणि गाडीचं वजन जेमतेम टनभर. २००३ साली नवी सिटी आली तिला ७७ च होती, हे ऐकून तर तिने जिलबी खाली ठेवली. असं कसं केलं त्यांनी, म्हणाली. मला एवढा आनंद झाला भुष्या, की काय सांगू. इतक्या वर्षांत घरात हा प्रश्न पहिल्यांदा कोणी विचारला.

आता दुसरी बाजू. परतताना पारोळ्याच्या पंपावर पेट्रोल भरलं. वास आला. पंपावर यायचाच, म्हणून लक्ष दिलं नाही. एरंडोलच्या अलीकडे चहाला थांबलो तर तिथेही तोच वास. बोनेट उघडलं. फिल्टरकडून येणारी रबरी नळी क्लिपच्या तोंडाशी भेगाळलेली. नुसतं दोन बोटांनी दाबलं तर भेगांमधून पेट्रोल घामासारखं फुटलं, आणि इंजिन तापलेलं. एरंडोलच्या एका पोराने भेगाळलेला तुकडा कापून नळी परत क्लिपमध्ये आवळून दिली आणि काचा खाली करून आम्ही घरी आलो. नशिराबादच्या पुढे सईने विचारलं, बाबा, पेटली असती का? मी म्हटलं, हो, पेटू शकली असती. मग भुसावळपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.

ही दोन्ही एकाच दिवसातली गोष्ट आहे. म्हणून झोप लागत नाही.

रफिकभाईंना दाखवली. ते म्हणाले, रबराचं वय झालंय, आणि आताचं पेट्रोल त्याला जास्त लवकर खातंय. बरोबर आहे त्यांचं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचंच पेट्रोल मिळतं आणि ही गाडी बनली तेव्हा असलं काही कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. नळ्या, सील, पंपातलं रबर, सगळं जुन्या पेट्रोलच्या हिशोबाचं. इथेनॉलमध्ये ऊर्जाही कमी, पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे ॲव्हरेज पडलंय ते वेगळंच. ते असो. नळ्या बदलता येतात. बदलायच्या तर सगळ्या बदलायच्या, टाकीपासून इंजिनापर्यंत.

पण एवढ्यावर भागत नाही ना. प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर मधूनमधून दगा देतो, गरम झाल्यावर गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशी चालू होते. टायमिंग बेल्ट बदलायला झालाय, आणि तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून इंजिनच बसेल, त्यामुळे तिथे चालढकल नाही. मागच्या चाकावरचा पत्रा गंजलाय. शिवाय यंदा पासिंग. गाडी २००१ ची, २०१६ ला केलं, २०२१ ला केलं, आता २०२६. वीस वर्षांवरच्या मोटारीची फी केंद्राने गेल्या ऑगस्टात पाच हजारांवरून दहा हजार केली. वर पर्यावरण कर, फिटनेस, नवी नंबरप्लेट. पैसे फार नाहीत रे, एका टेम्पो केळीचा हिशोब. केळीचं मात्र विचारू नकोस, भाव सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा.

आप्पांचं म्हणणं एका शब्दाचं: ईक. सुजाता मऊपणाने बोलते, आणि तेच जास्त लागतं. ती म्हणते, तुमचा जीव आहे तर शेडमध्ये झाकून ठेवा, कोण नको म्हणतंय, पण पोरीसाठी एक धड गाडी घ्या. ऐकायला किती बरोबर वाटतं. पण झाकून ठेवणं मला अजिबात पटत नाही. उभ्या गाडीचे ब्रेक धरतात, टायर एका जागी चपटे होतात, इथेनॉल हवेतलं पाणी ओढून टाकीत धरून ठेवतं, आणि केळीच्या शेडमधले उंदीर काय सोडतात ते तुला माहीत आहे. दोन वर्षांत ती गाडी राहणार नाही, गाडीचा आकार राहील. ते इंजिन वर चढल्याशिवाय स्वतःला दाखवतच नाही. ठेवायची तर चालवायची, आणि चालवायची तर जशी चालवायला पाहिजे तशीच. याच्यावर मी ठाम आहे.

आणि गाठ इथेच पडते. ठेवली तर सई चालवणार. ती परवा हसली तेव्हाच ते ठरलं. एअरबॅग एक नाही, ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस नाही. आपण दोघांनी ही गाडी कशी हाणलीय ते आठवलं की आता पोटात गोळा येतो. तेव्हा नाही यायचा. तेव्हा पुढच्या सीटवर तू होतास, आणि तुझी काळजी कोण करणार!

तू म्हणशील, फियाटची पालिओ घेतली असती तर. लिहितानाच मला तुझा आवाज ऐकू येतोय. १.६ ची पालिओ, लोखंडासारखं अंग, स्टिअरिंग काय, सस्पेन्शन काय, आणि सचिनच्या सहीवाली तर विचारूच नको. ही सिटी घ्यायला नाशिकला त्या डॉक्टरांच्या दारात उभं राहूनसुद्धा तू हेच बोलत होतास, आणि डॉक्टरांनी तेवढ्यासाठी आपल्याला चहा दिला नाही असं माझं आजही मत आहे. पण ऐक, सचिनचंच घे. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ साली फेरारी मिळाली, ३६० मोडेना, साक्षात शूमाकरच्या हातून. त्या गाडीवर केवढा जीव होता त्याचा. तरी २०११ ला विकलीच की, आणि तीही सुरतेला, आपल्या शेजारी. त्याला आठवण झाकून ठेवायला जागा नव्हती थोडीच? हा विचार मला मध्यरात्री सुचला आणि विकायचंच असं ठरवून मी झोपलो. सकाळी उठून गाडी चालू केली आणि पुन्हा तिथेच.

गिऱ्हाईकही आलंय. नाशिकचा एक पोरगा आहे, तिशीतला. त्याच्याकडे हीच गाडी आहे, पत्रा उत्तम, इंजिन बसलेलं. त्याला आपलं इंजिन आणि गिअरबॉक्स हवाय. दीड लाख म्हणतो. बाकीचा सांगाडा भंगारात द्या, प्रमाणपत्र घ्या, नव्या गाडीच्या टॅक्समध्ये सवलत मिळते, असं त्यानेच समजावलं. प्रामाणिक आहे पोरगा, काही लपवलं नाही. दोन तास बोनेटमध्ये डोकं घालून बसला आणि निघताना जिजीच्या पाया पडला. त्याच्याकडे इंजिन जगेल, खरं आहे. पण मागच्या दाराच्या कडेला सईने चावीने काढलेला सूर्य आहे ना, तो वजनावर जाईल.

नवीनही बघून आलो. जळगावला फोक्सवॅगनची व्हर्टुस चालवली, दीड लिटर टर्बो, मॅन्युअल. १५० अश्वशक्ती, सहा एअरबॅग, ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पाच तारे. भुष्या, गाडी फार चांगली आहे, खोटं कशाला बोलू. १,६०० फेऱ्यांपासूनच पाठीत ढकलायला लागते. ओव्हरटेक करायचा विचार मनात येतो तोवर ट्रक मागे पडलेला. आपल्या गाडीला तेवढ्यासाठी दोन गिअर खाली यावं लागतं. पण ते खाली येणं, कानाने फेरे ओळखून नेमका गिअर टाकणं, तीच तर आपली चालवण्याची गंमत होती. तिथे माझ्यासाठी काही काम उरलं नव्हतं. आणि वीस लाखांच्या घरात जाते, तेवढ्यात इकडे ठिबकसकट नवी बाग उभी राहते. ह्युंदाईच्या आय-ट्वेंटीची एन लाइनही बघितली. एक लिटर टर्बो, १२० अश्वशक्ती, छोटी गाडी म्हणून सप्टेंबरपासून जीएसटी अठरा टक्क्यांवर आलाय. सईला कॉलेजला ये-जा करायला ती मला जास्त पटली. सुजातालाही रंग आवडला.

बाकी तुझं काय? बढतीचं कळलं, वश्याने सांगितलं, तू सांगितलं नाहीस हे लक्षात ठेवलंय. ओमची दहावी, त्याला म्हणावं पेपर झाले की सरळ इकडे ये. काकूंचं मोतीबिंदूचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार. घराचं काम झालं असेलच.

तर माझं मन असं चाललंय. पासिंग करायचं. त्याआधी इंधनाची सगळी लाइन नवी, बेल्ट नवा, डिस्ट्रिब्युटर मिळेल तिथून आणायचा, पत्रा कापून जोडायचा. सईला तिची वेगळी गाडी, एअरबॅगवाली, रोजची. सिटी चालवायची ती माझ्या शेजारी बसून, दिवसाउजेडी, मोकळ्या रस्त्यावर, आणि निघायच्या आधी बोनेट उघडून नळ्यांवरून बोट फिरवायचं, तिनेच. हे मी तिला बोलून दाखवलं. पहिल्या तीन गोष्टी लगेच कबूल, नळ्यांवरून बोट तर तिने त्याच संध्याकाळी जाऊन फिरवलंसुद्धा. सुजाताला हे अजून पूर्ण पटलेलं नाही, आणि तिचं भय मी खोटं म्हणणार नाही. पंधरा वर्षं ती या गाडीत माझ्या शेजारी बसली ते हौसेने नाही.

पण हे सगळं माझ्या एकट्याने ठरत नाही. तुझे चाळीस हजार त्या गाडीत आहेत. तू परत घेतले नाहीस, आणि मी दोनदा काढलेला विषय दोन्ही वेळा तू भरताच्या वांग्यांवर नेलास. मला आता ते पैसे द्यायचे नाहीत. गाडीत तुझा हिस्सा आहे तसाच राहू दे आणि हिस्सेदार म्हणून सांग: ठेवायची की नाशिकच्या पोराला हो म्हणायचं. त्याला होळीपर्यंत थांब म्हटलंय. भिडेखातर सांगू नकोस. विक म्हणालास तरी मी रागावणार नाही, पण कारण पालिओ हे असेल तर रागावेन.

होळीच्या आधी एक रविवार काढून ये. आसोद्याची वांगी अजून मिळतायत, कळण्याची भाकरी जिजी करतेय म्हणाली. आणि गाडी तूच चालवून बघ, मग बोल.

तुझा
मिल्या

ता. क. येताना नाना पेठेतून फ्युएल इंजेक्शनची नळी आण, साधी आणू नकोस. अंगावर '३० आर ९' छापलेलं बघूनच घे. मापाची चिठ्ठी आणि जुन्या नळीचा तुकडा पाकिटात टाकलाय. क्लिपाही घे, स्क्रूच्या, रुंद पट्टीच्या, कड दुमडलेल्या; धारदार कडेच्या रबर कापतात. पैसे मी देणार, हिस्स्यात धरायचे नाहीत.