रस्ता हलला आणि गावे उठली

प्रति,
संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील मोहावी वाळवंटातल्या, जुन्या 'रूट ६६' या महामार्गालगतच्या ओसाड गावांवर प्रसिद्ध झालेला प्रवासलेख वाचला. छायाचित्रे उत्तम आहेत आणि लेखकाची हौसही दांडगी आहे. परंतु संपूर्ण लेखात फुटक्या खिडक्या, करकरणारी दारे आणि गूढ शांतता यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही. ही गावे मुळात तेथे का वसली आणि का उठली, याला एक ओळही मिळालेली नाही. त्यातच 'दार उघडे दिसले तर बेधडक आत शिरा' असा सल्ला वाचकांना दिला आहे, तो तर घातकच आहे. माझी सारी नोकरी रस्त्यांची आखणी आणि मोऱ्या-पुलांची कामे यांत गेली आणि मुलीकडे कॅलिफोर्नियात मुक्काम असताना हा पट्टा मी पाहिला आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या वाळवंटात कोणीही हौसेने गाव वसवलेले नाही. १८८३ च्या सुमारास सदर्न पॅसिफिक रेल्वेने तेथून लोहमार्ग नेला, तेव्हा वाफेच्या इंजिनांना ठरावीक अंतरावर पाणी लागे आणि गाड्यांच्या क्रॉसिंगसाठी सायडिंग, म्हणजे बाजूचा रूळ, लागे, म्हणून ठाणी बांधली गेली. अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅन्बी, एसेक्स, फेनर, गॉफ्स ही नावे एका ओळीत वाचली की ती इंग्रजी वर्णमालेच्या क्रमाने दिलेली आहेत हे लगेच लक्षात येते. रेल्वेच्या नकाशावर आधी नावे उमटली आणि माणसे नंतर आली. बरे, ज्या पाण्यासाठी ठाणी, ते पाणी तरी तेथे होते काय? याच मार्गावरील लडलो या ठाण्यावर ते न्यूबेरी स्प्रिंग्जहून रेल्वेच्या टाक्यांतून आणावे लागे, आणि अँबॉय तर मिठाच्या कोरड्या तळ्याच्या काठावर असल्यामुळे तेथील भूजल पिण्याच्या लायकीचे नव्हते. अँबॉयच्या शेजारच्या बॅगडॅड या ठाण्यावर ऑक्टोबर १९१२ ते नोव्हेंबर १९१४ या काळात सलग ७६७ दिवस पावसाचा थेंब पडला नाही, अशी अधिकृत नोंद आहे. वाफेची इंजिने जाऊन डिझेलची आली, तेव्हा अशा ठाण्यांचे मूळ प्रयोजनच संपले. आज बॅगडॅडला पाहायला म्हणून जावे, तर एकही वास्तू उभी नाही.

रेल्वेने जन्माला घातलेल्या या ठाण्यांना दुसरे आयुष्य दिले ते मोटारींनी. ११ नोव्हेंबर १९२६ रोजी शिकागो ते लॉस एंजेलिस असा 'रूट ६६' अधिकृतपणे जाहीर झाला आणि मोहावीत तो बहुतांशी लोहमार्गाला धरूनच गेला. त्या काळच्या मोटारींचे रेडिएटर चढणीवर आणि उन्हात उकळत. लोक बंपरला पाण्याच्या कॅनव्हासच्या पिशव्या टांगत आणि शक्य तर रात्रीच वाळवंट ओलांडत. त्यामुळे दर काही मैलांवर गॅरेज, पेट्रोलचा पंप, खाणावळ आणि झोपायला चार खोल्या असणे ही चैन नव्हती, ती गरज होती. एसेक्सला दक्षिण कॅलिफोर्नियाच्या ऑटोमोबाइल क्लबने प्रवाशांसाठी फुकट पाण्याची विहीर करून दिली होती, यावरून परिस्थितीची कल्पना यावी. अँबॉयचा 'रॉइज' हा प्रवाशांचा प्रसिद्ध थांबा १९३८ सालचा. त्याचा सुमारे १५ मीटर उंचीचा, लांबून दिसणारा फलक १९५९ मधला. आपल्या लेखात या फलकाचे मोठे छायाचित्र आहे, पण तो एवढा उंच का, हे सांगितलेले नाही. भरधाव येणाऱ्या मोटारचालकाला बऱ्याच आधी दिसावे आणि त्याने पुढच्या गावापर्यंत न जाता येथेच थांबावे, हा त्यामागचा रोकडा हिशेब आहे. तो फलक उभारला गेला तेव्हा ही स्पर्धा जोरात होती, आणि रस्ता हलवण्याची तयारीही सुरू झालेली होती.

१९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य द्रुतगती मार्गांचे जाळे विणण्यास आरंभ झाला. मोहावीत नव्या मार्गाला ब्रिस्टल पर्वताचा अडसर होता. तो दूर करण्यासाठी १९६३ मध्ये अणुऊर्जा आयोग, सांता फे रेल्वे आणि कॅलिफोर्नियाचे महामार्ग खाते यांनी मिळून जी योजना अभ्यासली, ती आज खरी वाटणार नाही: २२ अणुस्फोट घडवून डोंगरात खिंड पाडायची आणि त्यातून रस्ता व लोहमार्ग दोन्ही न्यायचे. 'प्रोजेक्ट कॅरीऑल' असे तिचे नाव. सुदैवाने ती कागदावरच राहिली. खिंड शेवटी नेहमीच्या पद्धतीने खोदली गेली आणि १९७३ मध्ये इंटरस्टेट ४० हा नवा द्रुतगती मार्ग अँबॉयच्या उत्तरेकडून, पंधरा-वीस किलोमीटर अंतरावरून वाहू लागला. या आखणीत अँबॉय, कॅडिझ, एसेक्स ही नावे कोणाच्या विचारात आली असतील, असे मला वाटत नाही. आखणी करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चढाचे प्रमाण, वळणाची त्रिज्या, खोदाई-भरावाचा हिशेब आणि वाचणारे अंतर असते. हे मी आमच्याच व्यवसायाबद्दल म्हणतो आहे.

लेखकाने ज्या गावांना सरसकट एका माळेत ओवले आहे, त्यांत म्हणूनच भेद करायला हवा. नेवाडातील ऱ्हायोलाइट १९०४ च्या सोन्याच्या शोधानंतर उभे राहिले, तेथे तीन मजली बँक झाली, १९०७ च्या आर्थिक संकटानंतर खाणीतला पैसा आटला आणि १९१६ मध्ये वीजही तोडली गेली. बार्स्टोजवळचे कॅलिको १८८१ पासून चांदीवर जगले आणि चांदीचा भाव पडल्यावर मोडले. खनिज संपले किंवा परवडेनासे झाले की खाणगाव उठते, यात नवल नाही. रस्त्याकाठची गावे उठली ती मात्र वाहतूक घटली म्हणून नव्हे. उलट, त्याच दिशेने, त्याच दोन टोकांच्या दरम्यान, पूर्वीपेक्षा जास्त गाड्या धावू लागल्या. फक्त त्या गावाच्या दारावरून जाईनाशा झाल्या. गिऱ्हाईक वाढत असताना दुकान बंद पडावे, असा हा प्रकार आहे आणि माझ्या मते ही गावे पाहायला जाण्याचे तेच एक सबळ कारण आहे.

लडलोला हे उघड्या डोळ्यांनी दिसते, फक्त दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत यायला हवे. रुळांलगत १९०८ सालच्या दुमजली काँक्रीटच्या दुकानाचे अवशेष आहेत. ते गाव रुळांकडे तोंड करून बसलेले होते. येथूनच १९०५ पासून टोनोपा अँड टाइडवॉटर रेल्वे बांधली गेली, बोरॅक्स या खनिज क्षाराची वाहतूक हे तिचे मुख्य उद्दिष्ट होते आणि १९४० मध्ये ती बंद झाली. तेथून थोडे उत्तरेला आले की जुन्या ६६ ची ओळ लागते: बंद खाणावळ, ओसाड गॅरेज, छोट्या खोल्यांची रांग. आणखी पुढे द्रुतगती मार्गाचा उतार-चढाव, म्हणजे इंटरचेंज, आणि त्याच्या पायथ्याशी मात्र आजही पेट्रोल, जेवण आणि मुक्कामाची सोय चालू आहे. द्रुतगती मार्गावरून वाटेल तेथे उतरता येत नाही, त्यामुळे जेथे उतार मिळाला तेथे जीव राहिला आणि अगदी हाकेच्या अंतरावरची ओळ मेली. पावलागणिक वाचता येणारा हा इतिहास सोडून लेखकाने लडलोतल्या एका तुटक्या खुर्चीवर दोन परिच्छेद खर्च केले आहेत!

गॉफ्सचे उदाहरण तर याहून जुने आहे. १९३१ मध्येच ६६ ची पूर्वेकडच्या नीडल्स या गावापासून एसेक्सपर्यंतची आखणी सरळ केली गेली आणि गॉफ्स बाजूला पडले. तेथील १९१४ सालची शाळा स्थानिक वारसा-संस्थेने डागडुजी करून जपली आहे. आत शिरायचेच असेल तर अशा ठिकाणी रीतसर शिरावे.

एक गोष्ट लेखात नाही, ती आवर्जून सांगतो. अँबॉयच्या पूर्वेला जुन्या रस्त्याच्या कडेने मातीचे लांबलचक बंधारे आहेत आणि त्यांवर प्रवाशांनी दगड व बाटल्या मांडून आपापली नावे लिहिली आहेत. सगळे त्या नावांचे फोटो काढतात. मला बंधारा अधिक पाहण्यासारखा वाटला. डोंगरावर पाऊस झाला की पाणी ओढ्यात न मावता सपाटीवरून पसरत येते. हे तिरके बंधारे त्या पसरट लोंढ्याला गोळा करून पुलाच्या गाळ्याकडे वळवतात. पूल लाकडी आहेत, बहुतेक १९३० च्या आसपासचे, आणि या पट्ट्यात ते शंभराहून अधिक आहेत. अलीकडच्या वर्षांत अचानक आलेल्या लोंढ्यांनी त्यांतील अनेकांची हानी झाल्यामुळे जुन्या रस्त्याचे काही तुकडे वाहतुकीस बंद ठेवावे लागले आहेत. लेखातला 'सरळ जुन्या रस्त्याने नीडल्सपर्यंत जा' हा मार्ग म्हणूनच निघण्यापूर्वी सॅन बर्नार्डिनो काउंटीच्या सूचना तपासूनच घ्यावा. अडसर बाजूला सारून पुढे जाणारे महाभाग सर्वत्र असतात; त्या लाकडी पुलांना त्यांचे वजन पेलेलच असे नाही.

आता 'बेधडक आत शिरा' याविषयी. ओसाड म्हणजे बेवारशी नव्हे. अँबॉय हे अख्खे गाव २००५ मध्ये एका उपाहारगृह-व्यावसायिकाने ४,२५,००० डॉलरना विकत घेतले, तेथील पेट्रोलपंप पुन्हा सुरू झाला आणि २०१९ मध्ये तो उंच फलकही पुन्हा उजळला. तेथील बंद खोल्या कोणाच्या तरी मालकीच्या आहेत. भोवतालची बरीच जमीन केंद्र सरकारची असून २०१६ पासून ती मोहावी ट्रेल्स राष्ट्रीय स्मारकाचा भाग आहे. १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्यानुसार सरकारी जमिनीवरील शंभर वर्षांहून जुन्या मानवनिर्मित अवशेषांना परवानगीवाचून हात लावणे हा गुन्हा आहे. बाटली, खिळा, जुना डबा 'आठवण म्हणून' खिशात घालण्याची लेखकाची सूचना पर्यटकाला कोर्टात उभी करू शकते, आणि त्याला व्हिसाची काळजी असेल तर ते अधिकच महागात पडेल.

जिवाचा धोका निराळाच. बंद घरांत उंदरांच्या विष्ठेची धूळ उडवली तर त्यातून हंटाव्हायरसची लागण होऊ शकते. सावलीच्या पायरीखाली रॅटलस्नेक असू शकतो. परिसरातील जुन्या खाणींत तर पाऊलही टाकू नये: कुजलेले लाकडी टेकू, न दिसणारे उभे खड्डे आणि प्राणवायू नसलेली हवा यांपैकी कशाचीही पूर्वसूचना मिळत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, मोबाइलला बऱ्याच ठिकाणी रेंज नसते आणि माणशी दिवसाला निदान चार लिटर पाणी गाडीत हवेच. नोव्हेंबर ते मार्च हा काळ जाण्यास बरा.

२०२६ च्या नोव्हेंबरमध्ये 'रूट ६६' ला शंभर वर्षे पूर्ण होत असल्याने, मुलाबाळांकडे अमेरिकेत जाणाऱ्या मराठी वाचकांपैकी बरेच जण या वाटेला वळतील असे दिसते. त्यासाठी पुरवणीच्या येत्या अंकात दोन गोष्टी कराव्यात, अशी विनंती आहे. घरांत शिरण्याचा आणि वस्तू उचलण्याचा सल्ला चुकीचा होता असा स्पष्ट खुलासा छापावा. आणि लोहमार्ग, जुना ६६ व इंटरस्टेट ४० या तिन्ही रेषा एकत्र दाखवणारा एक साधा नकाशा द्यावा. लेखासोबत छापलेल्या नकाशात फक्त नवा मार्ग आहे आणि गावांचे ठिपके त्याच्यापासून दूर, कशाशीही न जोडलेले, असे दाखवले आहेत.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त रस्ते अभियंता