गरम पाण्याच्या कुंडावर बायांनी कपडे बदलायचे कुठे?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की आमच्या सासूबाईंचे गुडघे धरतात आणि मग घरात एकच विषय, गरम पाण्याच्या कुंडावर कधी जायचं. आपल्या नागपूरकडची कितीतरी घरं माहूरच्या रेणुकामातेचं दर्शन घेतात अन् त्याला जोडून किनवट तालुक्यातलं उनकेश्वर करतात, शरभंग ऋषींसाठी प्रभू रामचंद्रांनी बाण मारून तिथलं गरम पाणी काढलं अशी गोष्ट आईंनी मला लग्न झाल्या वर्षीच सांगितली होती. त्या पाण्यावर त्यांची फार श्रद्धा. मलाही ते पाणी आवडतं, अंग इतकं हलकं होते की त्या रात्री गोळीशिवाय झोप लागते.

मागच्या डिसेंबरात आम्ही पाच जणी असंच एका कुंडावर गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण हे एका ठिकाणचं नाही, मी चार-पाच कुंडं पाहिली आणि थोड्याफार फरकाने हेच पाहिलं. पुरुष मंडळी चड्डीवर नाहीतर पंचावर उतरतात, बाहेर आले की टॉवेल गुंडाळून पाच मिनिटांत मोकळे. बायांनी साडीनिशी, ड्रेसनिशी उतरायचं, त्यालाही आमची ना नाही, पण वर आल्यावर ओल्या कपड्यांत जायचं कुठे? तिथे पत्र्याची एक खोली होती, दाराला कडी नाही आणि आत फुटक्या बादल्या अन् जुना हारफुलांचा कचरा. शेवटी दोघींनी चादर धरली, तिसरं टोक मी दातात पकडलं कारण एका हाताने मला आईंना सावरायचं होतं, आणि त्या ओल्या परकराची नाडी काही केल्या सुटेना. वरून गार वारं. पलीकडे पोरं मोबाईल काढून उभी होती, आमचा फोटो काढत होती की देवळाचा माहीत नाही पण त्या वेळी जीव मुठीत आला होता.

तेवढ्यात आईंना चक्कर आली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की गरम पाण्यात रक्तवाहिन्या फुगतात, बीपी उतरते, म्हणून वयस्कर माणसाने दहा-पंधरा मिनिटांच्यावर बसू नये आणि बाहेर आल्याबरोबर उभं न राहता बसून घ्यावं, पाणी प्यावं. पण बसणार कुठे हो? अडुसष्ट वर्षांची बाई चादरीआड एका पायावर उभी राहून साडी बदलून राहिली होती.

२०१९ मध्ये आम्ही मनालीला गेलो होतो तेव्हा जवळच्या वशिष्ठ गावात बायांचं कुंड वेगळं, चारी बाजूंनी भिंत, आत आपापल्या गप्पा चालू. गावातल्या बायासुद्धा रोजच्या आंघोळीला तिथेच येत होत्या. आई तिथे एक तास बसून राहिल्या, कुठे लपायची घाई नाही. म्हणजे करायचं म्हटलं तर होते, आणि त्याला काही कोट्यवधी लागत नाहीत.

दुसरं म्हणजे साबण. कुंडातच साबण, कुंडातच शाम्पू, माझ्या पायाला एक रिकामा पाऊच चिकटला होता. माझा भाचा जपानला होता, तो मात्सुयामा शहरातल्या दोगो ओनसेन या गरम झऱ्याच्या स्नानगृहात जाऊन आला, तिथली मुख्य इमारत १८९४ ची आहे म्हणे आणि अजून चालू आहे. तिकडे आधी छोट्या स्टुलावर बसून नळाखाली अंग स्वच्छ धुवायचं, साबण तिथेच संपवायचा आणि मग नुसतं शेकायला पाण्यात उतरायचं. आपल्याकडे कुंडाच्या बाहेर चार नळ लावले तरी लोक ऐकतील, नळच नाही म्हणून कुंडात धुतात.

हे पाणी कुठून येते ते तरी पाहा. पावसाचं पाणी दगडाच्या भेगांतून खोल जाते, खाली दर किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंश उष्णता वाढत जाते, तिथे तापून ते गंधकाचा वास घेऊन परत वर येते, फुकट, रात्रंदिवस. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातले असे ३०० च्या वर झरे नोंदवलेत आणि त्यांचं मध्य विभागाचं ऑफिस तर इथेच आपल्या सेमिनरी हिल्सला आहे.

मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून भिशीचे, भजनी मंडळांचे ग्रुपच्या ग्रुप निघतात, गणेशपेठ स्टँडवर सकाळी बघा. कुंडापर्यंत पोचायची सोय झाली, आता कुंडावर एक पक्की खोली द्या. आतून लागणारी कडी, बसायला ओटा, कपडे टांगायला खुंट्या, एक लाईट, आणि साफसफाईला गावातलीच एखादी बाई पगारावर ठेवा. दहा रुपये घ्या, वीस घ्या, आम्ही खुशीने देऊ. पर्यटन खातं, ग्रामपंचायती आणि देवस्थानं, तिघांनाही माझी हात जोडून विनंती आहे.

यंदा पण आई जायचं म्हणून राहिल्या. मी दोन जाड चादरी अन् सुतळी आतापासूनच पिशवीत टाकून ठेवली आहे.

आपली,
एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर