काळा म्हणजे किती काळा?

प्रिय मित्रा,

आपल्या मालिकेच्या आठही भागांची संहिता दोन रात्री जागून संपवली. चौथ्या भागात तो बाप मुलाच्या खोलीत शिरतो आणि दिवा न लावता पलंगावर बसून राहतो, तिथे मी वाचन थांबवून बाहेर एक फेरी मारून आलो. इतकं चांगलं लिहिशील असं वाटलं नव्हतं. हे पत्रातच कबूल करतो, तोंडावर सांगितलं तर चढून बसशील.

आता भांडण. मालिका कशी दिसावी म्हणून तू सोबत पाठवलेली चाळीस चित्रं पाहिली. सगळी निळसर-हिरवी, सगळी अंधारी, निम्म्यांत पाऊस. एकेक सुटं घेतलं तर देखणं आहे, पण ओळीने बघत गेलो तेव्हा पंधराव्यानंतर मला काही वाटेनासंच झालं. आपली मालिका सहा-सात तास चालणार आहे आणि डोळ्याला कशाचीही सवय फार पटकन होते. पहिल्याच भागात सगळा काळोख ओतलास तर सातव्यात, जिथे त्या माणसाच्या पायाखालची जमीन सरकते, तिथे काय ओतणार?

म्हणून अंधार पुरवून पुरवून वापरायचा. पहिले दोन भाग जवळजवळ उजेडाचे ठेव. मुलगा हरवल्याची बातमी येते तीही भर दुपारी येऊ दे. मग बैठकीच्या खोलीतला एकेक दिवा कमी करत जाऊ. पहिल्या भागात पाच, चौथ्यात तीन, सातव्यात फक्त कोपऱ्यातला एक. त्याबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. प्रेक्षकाने दिवे मोजावेत अशी माझी अपेक्षा नाही, त्याला घर बदललंय एवढं जाणवलं तरी पुरे.

मागच्या कामात मी काय करून ठेवलं होतं ते तुला अर्धंच सांगितलंय. ग्रेडिंगच्या, म्हणजे चित्राचे रंग-उजेड जुळवण्याच्या बंद खोलीत, महागड्या मॉनिटरवर, मी स्वतःवरच खूश होतो. पहिला भाग लागला त्या रात्री आईबरोबर घरी बघायला बसलो. खोलीत दिवा चालू, टीव्हीच्या काचेवर त्याचं प्रतिबिंब. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "अरे, तुमच्याकडे शूटिंगच्या वेळी लाईट गेले होते का?" त्यावर काय बोलणार! खोलीतला उजेड पडद्यावर पडला की सगळ्यांत गडद छटा एकमेकींत मिसळून राखाडी चिखल होतो. त्यात स्ट्रीमिंगसाठी चित्र दाबून लहान करताना काटकसर नेमकी अंधाऱ्या भागात होते आणि मऊ उतरत गेलेल्या सावलीचे पट्टे पडतात. 2019 साली 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या रात्रीच्या लढाईबद्दल काहीच दिसत नसल्याची केवढी ओरड झाली होती, आठवतंय ना? त्यांच्याकडे तर पैशाला तोटा नव्हता. तेव्हा आपला प्रत्येक भाग पक्का करण्याआधी साध्या टीव्हीवर, दिवा लावून बघायचा. ही माझी अट आहे.

अंधारी फ्रेम म्हणजे कमी एक्स्पोजरची, कॅमेऱ्यात उजेडच कमी घेतलेली फ्रेम नव्हे, यावर आपले पूर्वीही खटके उडालेत. अंधाराला एक तरी उजळ गोष्ट लागते. दाराखालची फट चालेल, ग्लासची ओली कडा चालेल. डोळा तिच्यावरून माप घेतो आणि मग बाकीचं काळं खुशाल काळं मानतो. 'द गॉडफादर' 1972चा. त्याचा कॅमेरामन गॉर्डन विलिसने उजेड वरून टाकला आणि ब्रँडोच्या डोळ्यांच्या खोबणी सावलीत बुडवल्या, हे सगळे सांगतात. पण त्याच फ्रेममधला तो पांढराशुभ्र शर्ट बघ. तो काढून टाकलास तर सगळंच मळकट होईल.

ती डोळ्यांची युक्ती मात्र मी उघड उघड उचलणार आहे. आपल्या बापाला सात भाग वरूनच उजेड द्यायचा. कपाळ दिसेल, गालाची हाडं दिसतील, डोळे नाहीत. तपास अधिकारी बाई त्याच्यासमोर बसते तिला बाजूने उजेड, म्हणजे निदान तिचा एक डोळा आपल्याशी बोलत राहील. आठव्या भागात तो तोंड उघडतो तेव्हा दिवा पहिल्यांदाच त्याच्या नजरेच्या उंचीवर आणू. माणूस खोटं बोलत होता की नुसता घाबरलेला होता, हे तेव्हा कळू दे.

निळ्या रात्रीबद्दल मी तितका हट्टी नाही. मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला लाल रंग आधी दिसेनासा होतो, निळा-हिरवा त्यामानाने टिकतो, म्हणजे ती अगदीच थाप नाही. पण पाचव्या भागासाठी माझ्याकडे याहून चांगलं काहीतरी आहे. मुलाचं जाकीट लाल आहे असं तू पहिल्याच पानावर लिहिलंयस. कमी दाबाच्या सोडियमच्या दिव्याचा उजेड जवळजवळ एकाच तरंगलांबीचा असतो, 589 नॅनोमीटरच्या आसपास. त्याखाली लाल कापड काळपट-तपकिरी दिसतं. आता बघ. बाई रात्री गोदामामागून जाते, कुंपणावर ते जाकीट लटकलेलं आहे, तिची नजर त्यावर पडते आणि ती तशीच पुढे जाते. कारण ती लाल जाकीट शोधतेय! सकाळी उन्हात तेच जाकीट रक्तासारखं पेटलेलं. यासाठी दिवा खराच मिळवायला हवा. पांढऱ्या दिव्यावर पिवळा जिलेटिन कागद लावला तर त्यातूनही लाल रंग निसटतो आणि सगळी गंमत जाते.

'सेव्हन'सारखं हवं म्हणतोस ते कळलं. 1995च्या त्या चित्रपटाच्या काही प्रिंटांमध्ये रसायनप्रक्रियेत फिल्मच्या थरातली चांदी धुऊन न टाकता राखली होती, म्हणून तो काळा इतका भरीव आणि रंग इतके उतरलेले. आपण डिजिटलवर ते जवळपास आणू, पण शेवटच्या दोन भागांतच.

भिंतींचं तेवढं कलादिग्दर्शकाला आजच सांग. पांढरी भिंत खोलीभर उजेड उधळते, मग उजेड अडवायला कितीही काळी कापडं टांगली तरी सावली धरत नाही. फिकट राखाडी रंग लावू दे. पहिल्या भागात भरपूर उजेड दिला की तीच भिंत पांढरी दिसेल, सातव्यात दिवे काढले की आपोआप बुडेल.

मधले तीन भाग दुसरे दिग्दर्शक करणार आहेत, म्हणून दिव्यांचा हिशेब, डोळ्यांचा नियम आणि माणसाच्या आधी कॅमेरा खोलीत शिरणार नाही हे, एवढं एका पानावर लिहून त्यांना देतो. दोन पानं झाली की कुणी वाचत नाही.

चाचणीसाठी मला दोन दिवस हवेत, रंगवलेल्या भिंतीचा तुकडा आणि ते जाकीट घेऊन. कपडेपटाला सांग, तीन-चार वेगवेगळे लाल आणा. सोडियमखाली कुठला सगळ्यांत आधी मरतो ते तू आल्यावरच बघू.

तुझाच,
कॅमेरावाला