व्हिसाच्या तारखा नाटकात चुकू नयेत

महोदय,

अण्णासाहेब किर्लोस्करांचे १८८० चे 'संगीत शाकुंतल' म्हणजे ओळखीची अंगठी हरवली म्हणून दरबारात नाकारल्या गेलेल्या स्त्रीची कथा. कागदापायी अडलेल्या माणसाचे गाणे आपल्या रंगभूमीला परके नाही. तरीही अमेरिकेत काढलेल्या वर्षांवरच्या आत्मकथनपर संगीत नाटकांत विमानतळावरचा निरोप आणि पुरणपोळी तपशीलवार येते, व्हिसा मात्र ढोबळ उरतो. घोडबंदर रोड किंवा खारघरहून आलेल्या प्रेक्षकाला, ज्याचे मूल तिकडे आहे, ते लगेच खटकते.

नेहमीची चूक 'व्हिसा संपला, आता देश सोडायचा' ही. पासपोर्टवरचा व्हिसा दारापर्यंत नेतो; आत किती राहायचे ते प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या आय-९४ नोंदीवर ठरते. व्हिसाच्या शिक्क्याची तारीख उलटूनही माणूस तिथे कायदेशीर राहू शकतो. पण आई आजारी पडली म्हणून ठाण्याला आला, तर परतायला बहुधा नवा शिक्का लागतो. नाट्यपदाची जागा इथे आहे.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची नोंदणी मार्चमध्ये होते. वर्षाला ६५,००० जागा, अमेरिकी पदव्युत्तरांना आणखी २०,०००, मागणी जास्त झाली की निवड. नोकरी साधारण १ ऑक्टोबरपासून. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेच. एवढ्यावर दुसरा अंक उभा राहतो: ध्रुवपदात दिवस मोजावेत, दर आवर्तनाला आकडा उतरावा, लय चढावी. मूल २१ वर्षांचे झाले की आईवडिलांमुळे मिळालेला एच-४ दर्जा जातो. त्या वाढदिवसाचे गाणे साधेच ठेवावे, वर रडगाणे जोडू नये.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसाची मुलाखत काचेसमोर उभ्याने होते आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत आटोपते. तिच्यावर लांबलचक समूहगीत बसत नाही. प्रश्न गद्यात, उत्तर अर्ध्या ओळीत गाऊन. अधिकारी संगणकाच्या पडद्याकडे पाहत गप्प राहतो ती जागा प्रत्येक प्रयोगात कमी-जास्त होते, म्हणून तिथे ध्वनिमुद्रित ट्रॅक चालत नाही. पेटी आणि तबला प्रत्यक्ष हवेत. वादक विंगेत बसवले तर त्यांना गायक दिसला पाहिजे, नाहीतर उचल हुकते. रंगमंचावरच्या मॉनिटर स्पीकरचे तोंड माइककडे झाले की शिट्टी येते.

दोन देशांतल्या पतिपत्नींच्या फोनवरच्या युगलगीतात दोघांना एका पट्टीत कोंबू नये. पेटीवर त्याची पट्टी काळी एक आणि तिची काळी चार असेल, तर तिचा षड्ज त्याच्या पंचमावर पडतो. त्याच्या पट्टीत षड्ज-पंचमात लावलेला एकच तानपुरा दोघांना पुरतो, आणि अंतरही ऐकू येते.

आत्मकथन म्हणून खरी कागदपत्रे पडद्यावर दाखवण्याचा मोह होतो. पासपोर्टच्या तळच्या ४४-४४ अक्षरांच्या दोन ओळींत पासपोर्ट क्रमांक आणि जन्मतारीख असते. प्रेक्षकांचे मोबाइल सुरू असतात. या ओळी, बारकोड आणि सगळे क्रमांक झाकावेत. जुन्या साहेबाचे किंवा घटस्फोटित जोडीदाराचे नाव बदलावे.

गडकरी रंगायतन असो वा वाशीचे विष्णुदास भावे नाट्यगृह, जाहीर प्रयोगाआधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. संहिता देताना पदांचे शब्दही सोबत द्यावेत.

– संगीत नाटकाची साथसंगत आणि संहितालेखन करणारे काही रंगकर्मी, नौपाडा, ठाणे