जॅकेट कमरेपाशी संपतं

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास तेव्हापासून हे पत्र मनात लिहितेय. आता वहीतला कागद फाडून बसले आहे.

तुझा फोटो मी रात्री पुन्हा पुन्हा पाहिला. नवं हेल्मेट, नवं जॅकेट, मनगटाच्या वर येणारे हातमोजे, घोटा झाकणारे बूट. गाडीच्या टाकीवर हात ठेवून किती ऐटीत उभी आहेस! आणि मी "छान दिसतेस" म्हणायच्या आधीच विचारलं, "खाली तीच जीन्स घालून जाणार?" तू म्हणालीस, "आई, तुला माझ्यात फक्त खोटच दिसते." तसं नाही गं. पण त्या फोटोत सगळ्यात आधी मला तुझे गुडघेच दिसले, त्याला मी काय करू?

मोटरसायकलवरच्या नऊ दिवसांच्या प्रवासाला माझी हरकत नाही. त्यावर एक शब्दही लिहायचा नाही असं ठरवून बसले आहे. मावशीने विचारलं, "एकटीला कशी सोडतेस?" तर मी तिला सांगितलं की मनू भर रस्त्यात साखळी ताणून घेते, प्लग काढून पुसून बसवते, तिची काळजी मला नाही. सांगताना माझाच आवाज चढला होता. तुला गाडी चालवता येते याचा मला अभिमान आहे, आणि हे मी तुला कधी म्हटलं नाही, हेही मला माहीत आहे.

मला बोलायचंय ते फक्त पॅंटबद्दल.

बाबांनी तुला ती गोष्ट कधी नीट सांगितलेली नाही. "खडीवर घसरलो, खरचटलं," एवढंच म्हणतात. तू दीड वर्षाची होतीस, दादा आत्याकडे होता. वळणावर बारीक खडी सांडलेली होती. वेग चाळिशीच्या आसपास, त्याहून जास्त नाही. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. अंगात मी शिवलेली राखी टेरिकॉटची पॅंट होती. तीनच दिवसांपूर्वी काजबटण करून, इस्त्री मारून हातात दिली होती. दुसऱ्या दिवशी मी त्या वळणावर गेले. रस्त्यावर घसटल्याची खूण होती. ती मी पावलांनी मोजली. चौदा. चौदा पावलं तुझे बाबा उजव्या गुडघ्यावर आणि खुब्यावर घासत गेले होते.

टेरिकॉटमधलं पॉलिस्टर घासून तापलं की वितळतं. अडीचशे अंशांच्या पुढे त्याचं पाणी होतं आणि निवल्यावर ते जिथे असेल तिथेच थिजतं. बाबांच्या बाबतीत ते जखमेत थिजलं. सिस्टर चिमट्याने एकेक तुकडा काढून स्टीलच्या वाटीत ठेवत होती. त्या वाटीत एक लांब राखी दोरा होता, आणि त्याला मशीनच्या टिपेचे वळसे अजून तसेच होते. तो मी ओवलेला दोरा होता. त्यानंतर कितीतरी महिने राखी कापड कापायला घेतलं की माझी कात्री थांबायची.

तो गुडघा आजही पुरता दुमडत नाही. बाबा मांडी घालून का बसत नाहीत, असं तू लहानपणी विचारायचीस. त्याचं उत्तर हे.

तू म्हणालीस, जीन्स जाड असते. तीस वर्षं कापड बोटांत धरतेय, मनू. जाड म्हणजे दमदार नव्हे. सुती जीन्स वितळत नाही हे खरं, पण खरखरीत रस्त्यावर तिचे धागे क्षणात तुटतात आणि मग कातडीच रस्त्याला लागते. तुझी तर ताणली जाणारी जीन्स आहे, तिचं कापड आणखी पातळ. आणि बाबांचा वेग चाळीस होता. तू ऐंशीने जाशील. वेग दुप्पट झाला की घसरत जायचं अंतर चौपट होतं. चौदाची चौपट मी करून बघितली, पुन्हा करणार नाही.

दादाने मागच्या महिन्यात त्याच्या मित्राची गाडीवरची जीन्स घरी आणली होती, ती मी सगळी उलटी करून पाहिली. वरून आपल्या साध्या जीन्ससारखीच. आतून गुडघ्याला आणि बुडाला पिवळसर अस्तर लावलेलं होतं, केवलारचं. अरामिड म्हणतात त्या धाग्याला. तो वितळत नाही. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक नावाच्या बाईंनी केवलार प्रयोगशाळेत शोधलं. त्यांना कापडाची आणि शिवणाची आवड आईकडून लागली होती, हे वाचून मला फार बरं वाटलं. पण त्या जीन्सचं अस्तर खुब्याच्या आधीच चार बोटं संपत होतं. बाबा ज्या जागेवर घासले, नेमकी ती जागा रिकामी. तू घेशील ती पॅंट दुकानात उलटी कर. लाजू नकोस. अस्तर कुठे सुरू होतं, कुठे संपतं, हे हाताने चाचपून बघ. खुबा, बूड, मांडीची बाहेरची बाजू, गुडघा आणि त्याखालची चार बोटं. हल्ली अस्तराशिवाय एकाच थरात विणलेलं दणकट कापडही येतं, ते अंगाला मऊ लागतं. चामडं घासण्याला फार छान टिकतं, पण नऊ दिवस उन्हात चामड्यात तू बसणार नाहीस हे मला ठाऊक आहे. न घातलेली चांगली पॅंट काय कामाची?

आतल्या चिठ्ठीवर मोटरसायकलस्वाराचं चित्र असतं आणि शेजारी ईएन १७०९२ असा आकडा, म्हणजे अशा कपड्यांचं युरोपातलं मानक. त्याच्याजवळ अक्षरं असतात. कापडाचे तुकडे गरगर फिरवून काँक्रीटवर सोडतात, थांबेपर्यंत घासू देतात आणि भोक पडलं का ते पाहतात. आधी रस्त्याला लागणाऱ्या जागांचं कापड ट्रिपल एला ताशी १२० किलोमीटरच्या वेगाला टिकावं लागतं, डबल एला ७० च्या आणि नुसत्या एला ४५ च्या. बी म्हणजे ए सारखंच कापड, पण धक्का झेलणाऱ्या आतल्या गाद्या, म्हणजे गार्ड, नाहीत. सी म्हणजे फक्त गार्ड जागेवर धरायला केलेलं कापड, घासण्यापासून वाचवायची हमी त्यात नाही. ते अक्षर बघून फसू नकोस. तू डबल एच्या खाली घेऊ नयेस, असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, घेऊच नकोस.

परत सुरू झाले ना मी? माफ कर. फोनवरही असंच झालं. तू गप्प झालीस की मला वाटतं तू ऐकतेयस, आणि तू तर फोन कानापासून लांब धरलेला असतेस.

तुला तो निळा फ्रॉक आठवतो? चौथीत असताना तू दादाच्या सायकलवरून उतारावर पडलीस. दोन्ही गुडघे सोललेले, पण रडली नाहीस. घरी आलीस आणि आधी फ्रॉकचा फाटलेला घेर दाखवलास. "आई, शिवशील ना?" म्हणालीस. मी आधी गुडघे धुतले, मग फ्रॉकला पिवळं फूल लावलं. तेव्हापासून तुझ्या सगळ्या पॅंटींच्या गुडघ्यांना मी आतून दुसरा थर लावत आले, कॉलेजला जाईपर्यंत. तुला कळलंसुद्धा नसेल. शिवताना जरा जास्त माया सोडायची, म्हणजे मुलगी वाढली की उसवून मोठं करता येतं. तुझ्या कपड्यांना मी नेहमी दोन बोटं माया सोडली.

ही पॅंट मला शिवता येणार नाही, मनू. काल रात्रभर मी तोच विचार केला. अरामिडचं कापड मिळवून, तिहेरी टीप मारून शिवावी का? पण माझ्या टिपेने काय धरलं आणि काय सोडलं, हे मी एकदा त्या वाटीत पाहिलंय. चांगल्या पॅंटीत धोक्याच्या जागेची मुख्य टीप आत दडवलेली असते. वरची दिसणारी टीप रस्त्यावर पहिल्या घसट्यालाच जाते, पण आतली धरून ठेवते. म्हणून कमरेला ढगळ झाली तरी कोपऱ्यावरच्या टेलरकडे देऊन बुडाची किंवा बाजूची शिवण उसवू नकोस. माझ्याकडेही देऊ नकोस. एकदा उसवून साध्या दोऱ्याने शिवली की ती चिठ्ठीवरची पॅंट राहत नाही.

आता गार्ड. हे शेवटचं.

गुडघ्याचं आणि खुब्याचं, दोन्ही हवीत. काही पॅंटींत खुब्याला नुसता खिसा असतो आणि आत काहीच नसतं. बोटं घालून बघ. गार्डवर ईएन १६२१-१ लिहिलेलं असतं आणि लेव्हल १ किंवा २. पाच किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून त्यावर पाडतात. लेव्हल १ मधून सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंतचा जोर पलीकडे गेलेला चालतो, लेव्हल २ मधून २० पर्यंतच. तुझ्या गुडघ्याला यातलं कुठलं पाहिजे ते मी सांगायला नको.

आणि उभं राहून आरशात बघून पॅंट घेऊ नकोस. उभं असताना गार्ड गुडघ्यापेक्षा जरा खाली वाटतं, तेच बरोबर. गाडीवर बस, पाय फूटरेस्टवर ठेव, गुडघे दुमड. पॅंट वर सरकेल. तेव्हा गुडघ्याची वाटी गार्डच्या मधोमध यायला हवी. मग गार्डच्या कडेला तळहात लावून जोरात बाजूला ढकल. ते फिरून मांडीच्या बाजूला गेलं, तर पडल्यावरही तसंच फिरेल आणि गुडघा उघडा पडेल. तुझी कंबर बारीक, मांड्या भरलेल्या, पाय लांब. पुरुषांच्या मापात तुझं गार्ड नडगीवर येणार, म्हणून दादाची पॅंट मागू नकोस. आत वेलक्रोने गार्डचा खिसा वर-खाली करता येतो अशी मिळाली तर तीच बघ. गुडघ्याच्या मागे आणि कमरेच्या वर ताणली जाणारी पट्टी असली की बसून काचत नाही. जॅकेटला जोडायची चेन असेल तर ती जोडत जा, नाहीतर घसरताना जॅकेट वर आणि पॅंट खाली जाते.

उन्हासाठी मांडीवर चेनचे झरोके असलेली घे. पावसाचं अस्तर आत असेल तर वरचं कापड भिजून जड होतं, हे लक्षात ठेव. पायाचा खालचा घेर बुटावर नीट बसू दे, सैल राहिला तर सायलेन्सरला लागेल. दादाने मला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधलं मोटोकॅप दाखवलं. ते लोक २०१८ पासून असे कपडे स्वतः विकत घेऊन तपासतात आणि संरक्षणाला वेगळे तारे देतात, उकाड्यात सोसण्याला वेगळे. तुझ्या मनातल्या पॅंटचं नाव तिथे आहे का बघ. धुताना गार्ड काढायचे, ब्लीच अजिबात नाही, वाळत सावलीत घालायची. अरामिडला ऊन मारतं, वरून कळतही नाही.

मला तुला घाबरवायचं नव्हतं. फोटो पाहून आधी "छान" म्हणायचं होतं. आता म्हणते. फार छान दिसतेस. बाबांनी फोटो पाहिला आणि काहीच बोलले नाहीत. नुसता उजव्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. मग म्हणाले, "तिला सांग, वळणावर खडी असते." एवढंच.

आठ दिवस आहेत अजून. पॅंट मिळाली नाही तर निघायचं दोन दिवस पुढे ढकल. नाही ढकललंस तरी मी काही म्हणणार नाही, पण निघताना फोन कर, रात्री थांबशील तिथून कर, आणि मी विचारलं की काय घातलंयस, तर चिडू नकोस.

तुझी,
आई

ता. क. खुर्चीवर बसून, गुडघा काटकोनात दुमडून माप घे आणि कळव : कमरेपासून गुडघ्याच्या वाटीपर्यंत, आणि वाटीपासून घोट्यापर्यंत. मांडीचा घेर बसल्यावरचा घे, उभं राहून नको. टेप तुझ्या निळ्या पिशवीत आहे, मी ठेवला होता.