चांदीच्या ब्रोचविषयी बाबांस पत्र

एडिंबरा, स्कॉटलंड

तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आईसाठी घेतलेल्या केल्टिक (म्हणजे येथील जुन्या, एकमेकांत गुंफलेल्या गाठींच्या) नक्षीच्या चांदीच्या ब्रोचचे छायाचित्र पाहून आपण विचारलेत की, हे हातकाम आहे की नुसते ओतकाम. हुपरीत सारे आयुष्य चांदीत घालवलेल्या माणसाला हाच प्रश्न आधी पडणार. तो ब्रोच ओतीवच आहे. पण म्हणून त्याला कमी लेखू नये, असे मला येथील राष्ट्रीय संग्रहालय पाहिल्यापासून वाटते.

तेथे मांडलेल्या एका ठेव्याची गोष्ट सांगते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांपैकी सेंट निनियन्स आयलवर १९५८ मध्ये उत्खननाला मदत करणाऱ्या एका शाळकरी मुलाला, जुन्या चर्चच्या जमिनीत क्रूस कोरलेल्या फरशीखाली चांदीच्या २८ वस्तू सापडल्या. (सोबत एका सागरी प्राण्याच्या जबड्याचे हाडही होते, त्याचे तेथे काय काम, देव जाणे.) आठव्या शतकाच्या आसपासच्या या ठेव्यातील १२ ब्रोच पिक्ट या स्कॉटलंडच्या प्राचीन लोकांच्या कारागिरीचे आहेत आणि तेही ओतलेलेच आहेत. असे ब्रोच ओतण्याच्या मातीच्या साच्यांचे तुकडे ऑर्कनी बेटांवरील बर्से येथे मिळाले आहेत. मूळ नमुना घडवणे, ओतलेल्या चांदीवरील रेषा कोरून धारदार करणे आणि शेवटी सोन्याचा मुलामा चढवणे, यांत त्या सोनाराचा हात दिसतो.

अशा ब्रोचची कडी पूर्ण मिटलेली नसते; तिच्यावर सरकणारी लांब पिन कापडातून ओवून फटीतून बाहेर काढायची आणि मग कडी फिरवायची, म्हणजे कापडाच्या ताणानेच ती अडकून राहते. वेगळा फासा लागत नाही. ही युक्ती आपणास नक्की आवडेल.

आजचे कारागीर ज्या गाठींची नक्षी काढतात, तिची रीत जॉर्ज बेन या स्कॉटिश चित्रकाराने विसाव्या शतकात टप्प्याटप्प्याने मांडून दाखवली. आई रांगोळीचे ठिपके मांडते तसे ठिपके आधी मांडायचे, त्यांच्या आधाराने वेणी काढायची, ठरावीक ठिकाणी ती तोडून टोके शेजारच्या पट्टीला जोडायची आणि प्रत्येक पट्टी आळीपाळीने वरून-खालून न्यायची. एका जागी क्रम चुकला तरी पुढची सारी गाठ बिघडते. बाजारातल्या स्वस्त मालात पट्ट्या नुसत्या एकमेकींना छेदतात, वर-खाली जातच नाहीत. आईच्या ब्रोचवर मी भिंगाखाली आधी तेवढेच तपासले.

त्यावर एडिंबराच्या धातूची शुद्धता तपासणाऱ्या कार्यालयाचा किल्ल्याचा ठसा आणि ९२५ (हजारात ९२५ भाग चांदी) हा आकडा आहे. येथे ७.७८ ग्रॅमपेक्षा जड वस्तू चांदीची म्हणून विकायची, तर असा ठसा बंधनकारक आहे.

पिनेच्या मुळाशी सांध्याला दिलेला डाग मात्र मला जरा जाड वाटतो. त्याचे जवळून घेतलेले छायाचित्र सोबत जोडले आहे; तो कानशीने उतरवावा की तसाच ठेवावा, ते कळवावे. आईस साष्टांग नमस्कार.

आपली आज्ञाधारक,
मंजिरी